३७ व्या वर्षी कोडिंग शिकलेल्या ग्रेस हॉपर यांनी कॉम्प्युटरला शब्द कसे शिकवले?

कोडिंग शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी आपण 'प्रिंट' लिहितो आणि स्क्रीनवर वाक्य उमटतं. पण हा साधा इंग्रजी शब्द मशीनला कळतो कसा? एकेकाळी तो कळत नव्हता. तो कळायला हवा म्हणून वरिष्ठांशी भांडलेल्या बाईंचं नाव ग्रेस हॉपर.

जन्म १९०६, न्यूयॉर्क. येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, मग कॉलेजात प्राध्यापकी. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी. तरी खटपट करून १९४३ मध्ये भरती झाल्याच. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला 'मार्क वन' या यंत्रावर पाठवलं. लांबी तब्बल ५१ फूट!

शिकायला ना क्लास, ना पुस्तक. प्रमुख हॉवर्ड आयकेन यांनी थेट कामालाच लावलं. प्रत्येक सूचना म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोकं. आधीपासून तिथे असलेल्या तरुण सहकाऱ्यांना विचारत विचारत त्या शिकल्या. दोन वर्षांनी याच यंत्राचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल आलं, ते मुख्यतः त्यांनी लिहिलेलं.

तेव्हाचे प्रोग्रॅमर बरोबर चाललेल्या कोडचे तुकडे वहीत उतरवून ठेवायचे आणि एकमेकांच्या वह्यांमधून घ्यायचे. आजचं कॉपी-पेस्टच, फक्त हाताने. त्यामुळे उतरवताना आकडे चुकायचे. हॉपर यांनी विचार केला, हे कंटाळवाणं काम मशीनलाच का देऊ नये? तुकडे टेपवर साठवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, जुळवाजुळव मशीन करेल. १९५२ मध्ये 'युनिव्हॅक'साठी त्यांनी असा प्रोग्रॅम केला. त्याचं नाव 'ए-झिरो', पहिल्या कंपायलरांपैकी एक.

पुढची मागणी होती आकड्यांऐवजी इंग्रजी शब्दांची. कंपनीने हसण्यावारी नेलं, कारण कॉम्प्युटरला इंग्रजी येत नाही. मग त्यांच्या टीमने एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. साहेब लोक अजूनच बिथरले, अमेरिकन मशीनला जर्मन कसं येईल! खरी गंमत अशी की मशीनला तिन्ही भाषा सारख्याच परक्या होत्या. शब्द म्हणजे फक्त खूण, ती ओळखून मशीनच्या सूचना तयार करायचं काम कंपायलरचं. त्या जागी मराठी शब्द असते तरी चाललं असतं.

अखेर इंग्रजी शब्दांची 'फ्लो-मॅटिक' भाषा आली आणि १९५९ मध्ये आकार घेऊ लागलेली 'कोबोल' मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच बेतलेली होती. बँकांच्या अनेक जुन्या सिस्टिम आजही कोबोलवर चालतात.

हॉपर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. भाषणाला जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे वायरचे तुकडे सोबत न्यायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त इतकीच लांब जाऊ शकते, हे हातात धरून कळावं म्हणून.