मल्टिप्लेअर गेम्सच्या मागची व्यक्ती: डॅनी बंटन बेरी

गेल्या वर्षी आमच्या गेमिंग ग्रुपसाठी मी एक वेबसाईट बनवायला घेतली. लॉगिन, लीडरबोर्ड, टूर्नामेंटचं टाईमटेबल, सगळं टाकलं. पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आत्ता ऑनलाइन कोण आहे ते कुठे दिसतं? नेमकं तेच मी टाकलं नव्हतं! खेळायला सोबत कोण आहे, या एका प्रश्नावर जिने आख्खं करिअर लावलं, त्या डॅनी बंटन बेरी यांची ही गोष्ट.

डॅनी यांचा जन्म 1949 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. त्यांनी आर्कान्सा विद्यापीठातून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग केलं, शिकताना सायकलचं दुकानही चालवलं. 1978 मध्ये 'व्हीलर डीलर्स' हा पहिला गेम आला. चौघांनी एकत्र बसून बोली लावायची. त्यासाठी खास कंट्रोलर द्यावा लागायचा, म्हणून किंमत 35 डॉलर. बाकीचे गेम 15 ला मिळत. विकल्या गेल्या फक्त 50 कॉपी.

पण गप्प बसतील त्या डॅनी कसल्या! 1983 मध्ये 'म्यूल' आला. अटारी 800 ला चार जॉयस्टिक लागायच्या, म्हणजे चौघे एकाच टीव्हीसमोर. परग्रहावर वस्ती करायची, अन्न आणि ऊर्जा विकायची. गंमत अशी की भाव चौघांनी मिळून ठरवायचा, आणि वस्तीच बुडाली तर सगळेच हरले. जो शेवटच्या नंबरावर असेल त्याच्यावर गेम अचानक संकट टाकत नाही, म्हणजे हरणाराही शेवटपर्यंत खेळत राहतो. लीडरबोर्ड बनवणाऱ्यांनी (माझ्यासकट) हे बघायला हवं.

'म्यूल' सुमारे 30 हजार विकला गेला. पुढच्या वर्षीचा, एकट्याने खेळायचा 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' मात्र दीड लाखांवर गेला. पैसा कुठे आहे ते उघड होतं. तरी त्या परत माणसांकडेच वळल्या. 1986 च्या 'रोबोट रास्कल्स'मध्ये एकट्याने खेळायची सोयच नव्हती.

मग 1988 मध्ये 'मोडेम वॉर्स': दोन घरं, दोन कॉम्प्युटर, मध्ये टेलिफोनची लाईन. तेव्हा फार थोड्या घरांत मोडेम होता आणि 2400 बिट्स प्रति सेकंद हा चांगला स्पीड समजला जायचा. त्या स्पीडने तुमचा 3 एमबीचा एक फोटो पाठवायला पावणेतीन तासांहून जास्त लागतील. आणि इथे लाईव्ह लढाई चालायची! गेम काळाच्या फार पुढे होता, अर्थातच कमी विकला गेला. 1992 मध्ये 'ग्लोबल कॉन्क्वेस्ट'ने चौघांना दूरवरून एकत्र आणलं.

त्याच वर्षी डॅनी यांनी लिंगबदल केला आणि स्त्री म्हणून जगायला सुरुवात केली. जुन्या गेम्सवर डॅन बंटन हे नाव दिसतं ते म्हणून. पुढे 'म्यूल' सेगाच्या कन्सोलवर आणायचं ठरत होतं, पण प्रकाशकांना त्यात बंदुका आणि बॉम्ब हवे होते. डॅनी यांनी नकार दिला, प्रोजेक्ट बंद झाला. मला हा नकार त्यांच्या सगळ्या गेम्सपेक्षा मोठा वाटतो.

मे 1998 मध्ये गेम डेव्हलपर्सच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. 3 जुलैला फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या, वय अवघं 49. दोन वर्षांनी आलेला 'द सिम्स' विल राईट यांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

आमच्या साईटवर आता सगळ्यात वर ऑनलाइन असलेल्यांची नावं दिसतात. लीडरबोर्ड खाली ढकललाय.