दयासागर पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर

समाजात जेव्हा जुने आणि नवे यांचा कलह माजतो, तेव्हा बहुधा दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. काही जण जुने ते सर्व त्याज्य मानून मोकळे होतात. काही जण जे चालत आले तेच शास्त्र असे समजून डोळे मिटून घेतात. शास्त्राचे बोट न सोडता दुःखिताचे अश्रू पुसावेत आणि त्यापायी स्वकीयांचा रोष निमूटपणे सोसावा, असे धैर्य विरळाच कोणाच्या ठायी आढळते. एकोणिसाव्या शतकात वंगदेशी असा एक पुरुष होऊन गेला. त्याचे नाव पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी सध्याच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील बीरसिंह या खेड्यात झाला. पिता ठाकुरदास बंद्योपाध्याय हे कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. माता भगवतीदेवी दारिद्र्यातही दारी आलेल्यास विन्मुख न पाठविणारी साध्वी होती. आठव्या वर्षी वडिलांबरोबर हा बालक पायी कलकत्त्यास निघाला. वाटेत मैलाचे दगड लागले, त्यांवरील इंग्रजी आकडे विचारीत विचारीत तो मुक्कामास पोहोचेपर्यंत ते सारे शिकून गेला.

कलकत्त्यात पितापुत्र बडाबाजारातील सिंह नामक एका सद्गृहस्थाच्या घरी राहिले. त्या घरात राईमणी नावाची विधवा कन्या होती. आईपासून दुरावलेल्या या परक्या मुलावर तिने पोटच्या पुत्रासारखी माया केली. उतारवयात लिहावयास घेतलेल्या आपल्या अपूर्ण आत्मचरित्रात विद्यासागरांनी तिचे स्मरण मोठ्या भक्तिभावाने केले आहे. स्त्रीजातीविषयी आपल्या मनात जो पक्षपात आहे त्याचे मूळ राईमणीच्या वात्सल्यात आहे, असा कबुलीजबाब त्यांनी तेथे दिला आहे. पुढे ज्या कार्यासाठी त्यांनी सर्वस्व वेचले, त्याचे बीज ग्रंथांत सापडण्यापूर्वीच या घरी पडले होते.

१८२९ मध्ये ते संस्कृत कॉलेजात दाखल झाले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त, स्मृती, न्याय आणि ज्योतिष यांचे अध्ययन त्यांनी बारा वर्षे केले. घरी स्वयंपाक करावा, भांडी घासावीत आणि उरलेल्या वेळात पाठ म्हणावा, असा त्यांचा क्रम असे. १८३९ मध्ये त्यांस विद्यासागर ही पदवी मिळाली. १८४१ च्या अखेरीस ते फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पन्नास रुपयांवर मुख्य पंडित झाले. पुत्राला वेतन मिळू लागताच त्यांनी वृद्ध पित्यास नोकरी सोडावयास लावून गावी विश्रांतीस पाठविले.

१८५१ च्या जानेवारीत ते संस्कृत कॉलेजाचे प्राचार्य झाले. तोपर्यंत त्या विद्यालयात ब्राह्मण आणि वैद्य यांच्याच मुलांस प्रवेश असे. विद्यासागरांनी १८५१ मध्ये कायस्थांसाठी आणि १८५४ मध्ये इतर प्रतिष्ठित हिंदू जातींसाठी ते द्वार खुले केले. मुग्धबोधाची सूत्रे अर्थ न कळता घोकण्यात कोवळ्या मुलांची वर्षे जातात हे पाहून त्यांनी उपक्रमणिका आणि व्याकरणकौमुदी हे ग्रंथ बंगालीतून रचले. ज्याने स्वतः बालपणी सूत्रपाठाची घोकंपट्टी केली आहे, त्यासच या उपकाराचे मोल पुरते उमगेल. १८५५ मध्ये त्यांनी बंगाली मुलांसाठी वर्णपरिचय हे प्रवेशपुस्तक लिहिले. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बंगाली बालके अक्षरे गिरवीत आली आहेत. दर्शनग्रंथांविषयी त्यांची काही मते परंपरेच्या अभिमान्यांस रुचण्यासारखी नव्हती, आणि पारमार्थिक विषयांवर ते फारसे बोलतही नसत. त्यांचा परमार्थ शोधावयाचा तो त्यांच्या आचरणातच शोधावा लागतो.

आता त्यांच्या जीवनातील मुख्य कार्याकडे वळू. त्या काळी पाच-सात वर्षांच्या कन्यांचे विवाह होत. कुलीनांच्या घरी तर वृद्धाच्या गळ्यात बालिका बांधली जाई. पती निवर्तला की त्या अजाण मुलीस आयुष्यभर व्रतस्थ राहावे लागे. विवाह म्हणजे काय हेही जिला ठाऊक नाही, तिने एकादशीस पाण्याचा थेंबही न घेता तळमळत राहावे, हे दृश्य घरोघरी होते. अंतःकरण द्रवले तरी पंडिताला शास्त्राचा आधार पाहिजे. विद्यासागरांनी दिवसरात्र स्मृतिग्रंथ चाळले, आणि तो आधार त्यांना पराशरस्मृतीत गवसला.

त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा. प्रत्येक युगाचा धर्म वेगळा असून कलियुगासाठी पराशरांची स्मृती प्रमाण आहे, असे ती स्मृतीच सांगते. पती नाहीसा झाला, मरण पावला, संन्यासी झाला, क्लीब ठरला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीस दुसरा पती विहित आहे, असे पराशर म्हणतात. त्यानंतर ब्रह्मचर्य आणि सहगमन हे मार्गही सांगतात. पैकी सहगमन १८२९ मध्ये वंगप्रांतात कायद्याने बंद झाले होते. उरले दोन मार्ग. जिला ब्रह्मचर्य साधेल तिने ते आचरावे, त्याची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु जिला ते साधणार नाही तिच्यासाठी ऋषींनी उघडे ठेवलेले द्वार आपण का बंद करावे?

१८५५ च्या जानेवारीत ही पुस्तिका प्रसिद्ध झाली आणि सारा वंगदेश ढवळून निघाला. ते वचन केवळ वाग्दत्त कन्येविषयी आहे, असे कोणी म्हणाले. भाष्यकार माधवाचार्यांनी ते अन्य युगांकडे लावले आहे, असे दुसरे म्हणाले. कलिवर्ज्य प्रकरणात याचा निषेध आहे, असे तिसऱ्यांनी पुढे केले. विरोधकांत अधिकारी विद्वान होते आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. विद्यासागरांनी एकालाही उणा शब्द न लिहिता त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरे, विस्तृत पुस्तक प्रसिद्ध केले. कलियुगासाठीच सांगितलेली स्मृती अन्य युगाकडे लावणे असंगत आहे, आणि स्मृती व पुराण यांच्यात विरोध आल्यास स्मृतीच बलवत्तर ठरते, अशी उत्तरे त्यांनी प्रमाणांसह दिली. मात्र शेवटी त्यांची लेखणी गहिवरली. या देशात शास्त्रापेक्षाही लोकाचार प्रबळ झाला आहे, या जाणिवेने त्यांनी तेथे विलाप केला आहे.

सरकारकडे त्यांनी जो अर्ज पाठविला, त्यावर ९८७ सह्या होत्या. राजा राधाकांत देव यांच्या पुढाकाराने गेलेल्या विरोधी अर्जावर त्याच्या कितीतरी पट सह्या पडल्या. तरीही १८५६ च्या जुलैत विधवाविवाहाचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पंडित श्रीशचंद्र विद्यारत्न आणि कालीमतीदेवी यांचा विवाह कलकत्त्यात विधिपूर्वक लागला. बघ्यांची एवढी दाटी झाली की रस्त्यावर पोलीस उभे करावे लागले. या पुस्तकाचा विष्णुशास्त्री पंडित यांनी मराठी अनुवाद केला, आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमक्ष या विषयावर मोठा वादविवादही झाला.

कायदा झाला, पण खरी परीक्षा त्यानंतरच सुरू झाली. पाठिंब्याच्या सह्या करणारे कितीतरी जण विवाहाच्या वेळी आले नाहीत. वर्गणी देऊ म्हणणाऱ्यांनी हात आखडला. रस्त्याने जाताना शिव्याशाप ऐकावे लागत. बहिष्कृत झालेल्या जोडप्यांचा भार विद्यासागरांवरच येऊन पडे. काही लोभी पुरुष द्रव्यासाठी असे विवाह करून पत्नीस टाकून देत. तेव्हा ते वराकडून करारपत्र लिहून घेऊ लागले. १८६७ पर्यंत साठ विवाहांसाठी सुमारे ब्याऐंशी हजार रुपये खर्च झाले, आणि त्यातील पुष्कळसे कर्ज होते. त्यांचे ऋण फेडण्यासाठी लोकांकडून निधी जमविण्याचे घाटत असल्याचे कळताच त्यांनी वृत्तपत्रातून त्यास स्पष्ट नकार दिला. पुस्तकांच्या उत्पन्नातून ते स्वतःच हप्त्याहप्त्याने देणे फेडीत राहिले.

जे इतरांस सांगितले ते आपल्या घरी करून दाखविण्याची वेळही आली. १८७० मध्ये त्यांचे एकुलते पुत्र नारायणचंद्र यांनी भवसुंदरी नावाच्या विधवेशी विवाह केला. आप्तांनी संबंध तोडण्याची भीती घातली. विद्यासागरांनी धाकट्या बंधूस कळविले की विधवाविवाहाचे प्रवर्तन हेच आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे सत्कर्म असून, त्यासाठी प्राणही द्यावयास आपण मागेपुढे पाहणार नाही. आप्त सुटले तरी चालतील.

स्त्रीशिक्षणासाठीही त्यांनी असाच भार उचलला. बेथ्यून यांच्या कन्याशाळेचे चिटणीसपद सांभाळीत असता त्यांनी शाळेच्या गाडीवर, कन्येचेही पालन व शिक्षण अतियत्नाने करावे या आशयाचे संस्कृत वचन रंगवून घेतले होते. १८५७ च्या नोव्हेंबरपासून १८५८ च्या मे महिन्यापर्यंत त्यांनी चार जिल्ह्यांत ३५ कन्याशाळा उघडल्या. त्यांत सुमारे तेराशे मुली शिकू लागल्या. सरकारने मदत देण्याचे नाकारल्यावर त्यांनी स्वतः वर्गणी गोळा करून शक्य तितक्या शाळा चालविल्या. वरिष्ठांशी मतभेद वाढले तेव्हा पाचशे रुपयांच्या नोकरीवर त्यांनी १८५८ मध्ये पाणी सोडले. कुलीनांच्या बहुविवाहाविरुद्ध त्यांनी १८७१ आणि १८७३ मध्ये ग्रंथ लिहिले, पण तो कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. फळ हाती आले नाही म्हणून काम टाकून देणारे ते नव्हते.

१८६६ च्या भीषण दुष्काळात त्यांनी बीरसिंह येथे अन्नछत्र उघडले. केसांना कित्येक दिवस तेल न लागलेल्या स्त्रिया पाहून त्यांनी तेल वाटावयास सांगितले. वाढणारे लोक डोम, हाडी, मोची या जातींच्या स्त्रियांस दुरूनच तेल देत आहेत हे लक्षात येताच हा कुलीन ब्राह्मण पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या हातांनी त्यांच्या रुक्ष केसांना तेल चोळले. परदेशात अन्नास मोताद झालेल्या मायकेल मधुसूदन दत्त या कवीस त्यांनी १८६४ मध्ये स्वतः कर्ज काढून पैसे पाठविले. त्या कवीने धर्मांतर केले आहे हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. बरद्वान येथे तापाची साथ पसरली तेव्हा हिंदू-मुसलमान असा भेद न करता त्यांनी घरोघरी औषध पोहोचविले.

उतरत्या वयात दुःखांची परंपराच लागली. गावातील एका प्रकरणात मन दुखावल्याने १८६९ मध्ये त्यांनी बीरसिंह सोडले ते कायमचेच. १८७१ मध्ये माता काशीस निवर्तली. ज्या पुत्राच्या विवाहाचा एवढा अभिमान वाटला, त्याच्याच वर्तनाने व्यथित होऊन पुढे १८७५ च्या मृत्युपत्रात त्याचा वारसा काढून घेण्याचा प्रसंग आला. त्याच मृत्युपत्रात आप्त, आश्रित आणि निराधार अशा कितीतरी जणांस दरमहा द्यावयाच्या रकमा मात्र नावनिशीवार नोंदलेल्या आहेत. मन विटले तरी हात आखडला नाही.

शहरातील भद्रलोकांच्या वागण्याने उबगून ते संथाळ परगण्यातील करमाटाड येथे जाऊन राहू लागले. पंडित हरप्रसाद शास्त्री १८७८ मध्ये त्यांच्याकडे उतरले असता त्यांना एक कौतुक पाहावयास मिळाले. सकाळी संथाळ मक्याची कणसे विकावयास आणीत. विद्यासागर मागेल ती किंमत देऊन ती घेत, आणि घरात कणसांचा ढीग साचे. एवढ्या मक्याचे काय करणार, हे पाहुण्यास कळेना. दुपार टळल्यावर भुकेले संथाळ अंगणात जमले, पालापाचोळा पेटविला आणि सकाळचीच कणसे भाजून सर्वांनी पोटभर खाल्ली. आजारी संथाळांस औषध देण्यासाठी विद्यासागर उन्हातान्हात त्यांच्या झोपड्यांपर्यंत पायी जात. त्या रेल्वे स्थानकास आता विद्यासागर हेच नाव आहे.

२९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यात त्यांनी देह ठेवला.

शास्त्र हे शोधून पाहणाऱ्याच्या हाती लागते, आणि शोधण्याची तळमळ दुसऱ्याच्या दुःखाने हृदय जळल्याविना उत्पन्न होत नाही. विद्यासागरांचे प्रत्येक मत मान्य असो वा नसो, ज्या घरात एखादी निराधार भगिनी, वहिनी वा आत्या मुकाट्याने दिवस कंठीत आहे, त्या घरच्या कर्त्या पुरुषाने हे चरित्र वाचून तिच्यापाशी क्षणभर बसावे आणि तिला काय हवे ते विचारावे. धर्माचा निर्णय पंडितसभेत होईल तेव्हा होवो; त्याचा आरंभ आपापल्या माजघरातूनच होत असतो.