सुभेदार रामजी सकपाळ : मुलांच्या शिक्षणासाठी गाव बदलणारे वडील



वार्षिक परीक्षा आटोपली की शाळेच्या कार्यालयात टी.सी.साठी अर्ज येऊ लागतात. कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कोणाला नागपूरला किंवा पुण्याला जास्त पगाराची नोकरी मिळालेली असते. काही पालक अर्ज हातात घेऊनही विचारात असतात. नोकरी चांगली आहे, पण मुलांना घेऊन जावे की त्यांना आजी-आजोबांजवळ ठेवून एकट्याने जावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. बालाघाटला हा प्रश्न नवा नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीसाठी आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीसाठी किती तरी कुटुंबे बाहेरून येथे आली आणि येथलीच झाली. म्हणून या अंकात अशा एका गृहस्थांचे चरित्र देत आहे, ज्यांनी आयुष्यात अनेकदा बिऱ्हाड हलविले. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. हे महार कुटुंब कबीरपंथी होते. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात गेले आणि सुभेदार पदापर्यंत पोहोचले. पण त्यांची खरी ओळख शिक्षकाची. लष्करी शाळेत त्यांनी १४ वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. त्या काळी गावातील शाळेत ज्या मुलांना पाय ठेवता येत नव्हता, त्यांना छावणीत मात्र अक्षरओळख होत असे. सैनिकांच्या मुलांनी, मुलींनीसुद्धा, शिकलेच पाहिजे असा तेथे दंडक होता. शिक्षणाने माणूस कसा बदलतो हे रामजींनी पुस्तकात वाचले नव्हते, स्वतःच्या वर्गात पाहिले होते.

त्यांची पलटण आपल्या मध्यप्रदेशातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. भीमराव हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे व मंजुळा आणि तुळसा या दोन मुली एवढीच जगली. याच सुमारास सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. मालोजींचा मुलगा सैनिक झाला, पण रामजींच्या मुलांसाठी ते दार लागले. पिढीजात नोकरीचा मार्ग बंद झाल्यावर मुलांना द्यायला रामजींजवळ शिक्षणाशिवाय दुसरे काही उरले नव्हते.

निवृत्त झाल्यावर रामजी महू सोडून कोकणात दापोलीला आले. तेथे लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. आपली माणसे होती, मूळ गावही फार लांब नव्हते. पेन्शन महिना ५० रुपयांच्या आसपास होती. पण तेवढ्यावर मोठे कुटुंब आणि मुलांचे शिक्षण भागणारे नव्हते. साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी घरच तिकडे हलविले. या बदलाची किंमतही मोठी पडली. साताऱ्यातच १८९६ मध्ये भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई यांनी मुलांना सांभाळले.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. प्रवेश मिळाला, पण वर्गात भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला त्यांनी हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे.

नोकरीने बाप एका गावी आणि मुले दुसऱ्या गावी, ही स्थितीही या घराने भोगली. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. तेथे रामजी खजिनदार होते आणि मुले साताऱ्याला आत्याजवळ होती. १९०१ च्या उन्हाळ्यात रामजींनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. नवे कपडे घालून मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे त्यांचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान कबूल झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो स्वतः बाजूने पायी चालला. जवळ जेवण होते, पण रस्त्यात कोणी पाणी दिले नाही. ती लेकरे रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांच्या मनावरचा तो घाव कधी भरला नाही. पुढे आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी हा प्रसंग सविस्तर नोंदविला आहे.

साताऱ्याकडची नोकरी संपल्यावर रामजींपुढे पुन्हा प्रश्न आला. वय झाले होते. पेन्शनीवर कोकणात कमी खर्चात राहणे सोपे होते. पण १९०४ च्या सुमारास ते मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत त्यांनी एक खोली घेतली. महागाई जास्त, जागा अपुरी आणि हाती मोठी नोकरी नाही. पगाराचा हिशोब मांडला तर हा निर्णय चुकीचाच दिसतो. पण रामजींचा हिशोब शाळेचा होता. मुंबईत हायस्कूल होते, कॉलेज होते, आणि गर्दीच्या शहरात माणसाला प्रत्येक पावलावर जात विचारली जात नव्हती. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. तेथेही सर्व काही चांगले होते असे नाही. संस्कृत घ्यायची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. पण गोणपाटाचे दिवस मागे पडले.

त्या एका खोलीतच स्वयंपाक, तेथेच झोप आणि तेथेच अभ्यास. रामजींनी त्यावर उपाय काढला. भीमरावांनी लवकर झोपायचे आणि रामजींनी पहाटे दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवीत आणि रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होत. भीमरावांना हवे असलेले पुस्तक घ्यायला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांचा एखादा दागिना मागून तो गहाण ठेवीत, पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. दोघा मुलांना शिकविणे जमेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशात आनंदरावांचा आणि दोघी बहिणींचा वाटा आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानाची नोकरी धरली. आता चांगल्या नोकरीसाठी गाव बदलण्याचा प्रश्न मुलापुढे होता. रामजींच्या मनात त्यांनी तेथे जावे असे नव्हते. मुलाने ऐकले नाही. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि भीमराव मुंबईला धावले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींनी देह ठेवला.

वडिलांची भीती खोटी नव्हती, हे चार वर्षांनी दिसले. सयाजीरावांच्याच मदतीने भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या मदतीच्या करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात परत रुजू झाले. मोठे पद होते आणि महाराजांचा पाठिंबा होता. पण त्या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही होते, त्यांच्याकडेही आसरा मिळाला नाही. परदेशातून शिकून आलेला तो विद्वान बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. नोकरीच्या पत्रात पगार लिहिलेला असतो. ते गाव आपल्याला घरात घेईल की नाही, हे त्यात लिहिलेले नसते.

१९१८ मध्ये भीमराव मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्यांनी दादरला राजगृह हे घर बांधले, त्यात आपल्या हजारो पुस्तकांसाठी प्रशस्त जागा ठेवली. एका खोलीत पाळीपाळीने झोपून शिकविणारे रामजी ते घर पाहायला राहिले नव्हते.

पालक बंधू-भगिनींनो, शाळेची पटसंख्या कमी होते म्हणून तुम्ही बालाघाट सोडू नका, असे मी म्हणणार नाही. रामजी दापोलीतच थांबले असते तर भीमराव एल्फिन्स्टनपर्यंत कसे पोहोचले असते? पण त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निर्णय करताना त्यांनी पगाराच्या आधी मुलांची शाळा पाहिली. आपणही नवीन गावी जाण्याआधी एकदा तेथील शाळा पाहून यावी. घर कोणत्या वस्तीत मिळेल आणि शेजार कसा आहे हे विचारावे. खर्च वाढल्यावर घरातील कोणाला आपले शिक्षण किंवा दागिना सोडावा लागणार आहे, हे घरात सर्वांसमोर बोलावे. आणि मुलांना मागे ठेवूनच जायचे असेल, तर ती कोणाच्या भरवशावर राहतील हे आधी पक्के करावे. मसूरच्या स्टेशनवर वाट पाहणारी मुले आठवावीत.

विश्वस्त मंडळींना आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की जशी मुले येथून जातात तशी बाहेरूनही येतात. सत्राच्या मध्येच येणाऱ्या, आपली भाषा न येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी वर्गात मधल्या बाकावर, सर्वांच्या सोबत जागा मिळाली पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, हे काम आमच्यापेक्षा तुम्हीच चांगले करू शकता. नव्या मुलाला नाव विचारा, पाण्याचा नळ दाखवा आणि आपल्या डब्यात त्याला बोलवा.

– प्राचार्य