बालगंधर्व: स्त्रियांच्या फॅशनवर राज्य करणारा नट

एखाद्या नायिकेची साडी किंवा केशरचना चित्रपटात गाजली की काही दिवसांत ती बाजारात दिसू लागते. महाराष्ट्रात असे अनुकरण बोलपट येण्याआधीच सुरू झाले होते. तेव्हा स्त्रिया ज्या 'नायिके'कडे पाहून नटत होत्या, ती प्रत्यक्षात एक पुरुष होती. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

सुरुवात

त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व हे नाव दिले, असे सांगितले जाते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर आले. घरंदाज स्त्रियांनी नाटकात काम करणे तेव्हा समाजाला मान्य नव्हते, त्यामुळे बहुतेक स्त्रीभूमिका पुरुषच करत.

१९११ मध्ये 'मानापमान'मधील भामिनीने त्यांना मोठी कीर्ती दिली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधील सिंधू याही भूमिका गाजल्या.

स्त्रिया काय उचलत होत्या?

नऊवारी नेसण्याची त्यांची पद्धत, खांद्यावरून घेतलेला शेला, अंबाड्यात माळलेली फुले, नथ आणि दागिन्यांची निवड हे सारे प्रेक्षागृहातल्या स्त्रिया बारकाईने पाहत आणि घरी तसे करून बघत. त्यांची वेशभूषा घरंदाज बाईच्या नेहमीच्या पोशाखाशी नाते सांगणारी होती, म्हणून तिचे अनुकरण शक्य होते.

अर्थात ही फॅशन मुख्यतः शहरी, सुस्थित घरांची होती. वसईच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यांत लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसले जाई, कारण मासळीच्या कामात पायघोळ वस्त्र चालत नाही. तिथे नेसण्याची रीत रंगमंचाने नव्हे, कामाने ठरवली होती.

थाटाची किंमत

बालगंधर्वांना रंगमंचावर खोटे चालत नसे. उंची शालू, पैठण्या, भारी गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ, अशा थाटावर पैसा पाण्यासारखा खर्च होई. लोक ज्या झगमगाटाच्या प्रेमात होते, तोच मंडळीला महाग पडला. १९२१ च्या सुमारास कर्जाचा आकडा लाखाच्या पुढे गेला. बालगंधर्वांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून ते फेडले.

त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, त्यांनी आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले गेले. डोक्यावर कर्ज असतानाची ही गोष्ट आहे.

पडदा बदलला

१९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात तारामतीच्या भूमिकेत होत्या दुर्गा खोटे, एका प्रतिष्ठित घरातल्या सुशिक्षित स्त्री. आता पडद्यावर खरी स्त्री दिसत होती, आणि तिचा चेहरा प्रेक्षकांना अगदी जवळून पाहता येत होता. स्त्रीवेशातल्या पुरुषाचे युग संपत आले.

बालगंधर्वांनीही चित्रपट करून पाहिला. व्ही. शांताराम यांच्या 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत दिसले. ज्या रूपावर महाराष्ट्र भाळला होता, ते त्यात नव्हते. कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांनी काम करणे त्यांना रुचले नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. नाटक मात्र तोवर मागे पडू लागले होते.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. उतारवय आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेले.

मागे काय उरले?

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगभूमीवरून घराघरांत गेलेली ती नऊवारी अशा रीतीने शेवटी पडद्यावर पोहोचली. तीही पुन्हा एका पुरुषाच्याच अंगावर.