विल्यम जेम्स : जीवन आणि भावनाविचार

मनात भावना आधी उमटते आणि शरीर तिच्यामागून प्रतिसाद देते, असे आपण गृहीत धरतो. हा क्रम उलटा मांडणारे विल्यम जेम्स स्वतः मनाच्या कठीण अवस्थेतून गेले होते, हे त्यांचा सिद्धान्त अभ्यासताना ध्यानात ठेवा.

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १८६९ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेतली. परंतु वैद्यकी कधी केली नाही. त्या काळात त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले होते. सारे काही पूर्वनियत असेल तर प्रयत्नाला अर्थ काय, हा प्रश्न त्यांना छळत असे. १८७० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ रनूव्हिए यांचे लेखन वाचून त्यांनी इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवण्याचा निश्चय केला. नैराश्य लगेच सरले नाही. मात्र जगण्याला दिशा मिळाली. पुढे हार्वर्डमध्येच त्यांनी शरीरक्रियाशास्त्र व मानसशास्त्र शिकवले.

१८८४ मध्ये त्यांनी भावनेचा सिद्धान्त मांडला. अस्वल दिसताच छाती धडधडते, पाय पळू लागतात. या शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भीती. डॅनिश वैद्य कार्ल लँग यांनी १८८५ मध्ये स्वतंत्रपणे असेच प्रतिपादन केले, म्हणून तो जेम्स-लँग सिद्धान्त ठरला. १९१० मध्ये जेम्स निवर्तले. भिन्न भावनांमध्येही शरीरांतर्गत बदल बरेचसे सारखेच असतात, असा आक्षेप वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये घेतला.

विचार करा : उत्साह नसतानाही तुम्ही अभ्यासाला बसलात आणि मग गोडी लागली, असे घडले आहे का? जेम्स यांच्या विचाराच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण द्या.