काट मारलेलं उत्तर

परवा अकरावीतली धाकटी वही घेऊन आली. गणित साधंच होतं. पंधरा मीटर उंचीच्या गच्चीवरून सेकंदाला दहा मीटर वेगानं चेंडू सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर कधी पडेल? गुरुत्वाकर्षणाचा आकडा दहा धरून तिनं वर्गसमीकरणाचं सूत्र लावलं. दोन उत्तरं आली : ३ सेकंद आणि उणे १ सेकंद. दुसऱ्यावर तिनं काट मारली. मीही त्या वयात हेच केलं होतं. या खेपेला मात्र त्या काटेपाशी मला गॅलिलिओ आठवला.

इटलीतल्या पिसा गावी १५६४ साली तो जन्मला. वडील वादक. मुलानं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा. यानं १५८५ मध्ये पदवी न घेताच विद्यापीठ सोडलं आणि गणिताची कास धरली. १५९२ पासून अठरा वर्षं पादुआत शिकवलं. पैशांची ओढाताण असे, म्हणून घरी विद्यार्थी ठेवून घेई. तिथंच तो उतरत्या फळीवरून गोळे सोडी आणि ते टेबलाच्या कडेवरून कुठवर जातात ते मोजी. फेकलेली वस्तू आडवी एकसारख्या वेगानं जाते, खाली मात्र वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. म्हणून तिची वाट पॅराबोलाची होते, हे त्याला उमगलं. आपल्या समीकरणातला वर्ग आला तो इथूनच. त्यानं स्वतः ते सूत्रानं नव्हे, भूमितीनं मांडलं.

१६०९ मध्ये दुर्बीण हाती आली आणि ही टिपणं मागे पडली. कीर्ती आली, पाठोपाठ वादही. १६३३ मध्ये रोममध्ये खटला झाला. पृथ्वी फिरते हे मत त्याला सोडावं लागलं. पुढं फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत नजरकैद. १६३४ मध्ये लाडकी लेक मारिया चेलेस्ते गेली. तेव्हा सत्तरीच्या या माणसानं पादुआतलंच जुनं काम पुन्हा हाती घेतलं. १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला ते पुस्तकरूपानं छापलं गेलं, तोवर त्याची दृष्टी गेली होती. १६४२ मध्ये तो वारला.

मी धाकटीला म्हटलं, उणे एक म्हणजे चूक नव्हे. चेंडू जमिनीवरून वीसच्या वेगानं निघाला असता, तर एका सेकंदात तुझ्या हातापाशी पोचून पुढं नेमका असाच गेला असता. ते उत्तर मागच्या वेळेचं आहे, एवढंच.

परीक्षेत ३ सेकंदच लिहायचे. पण तिनं काट खोडरबरानं पुसली.