शिकागोहून निघालेला सूर मुंबईत विसावला

जॅझ म्हटले की न्यू ऑर्लिन्स, शिकागो आणि न्यूयॉर्क ही नावे ओठांवर येतात. मात्र या संगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिहिले गेले, याची जाणीव फार थोड्यांना असते. त्या पानाचे मानकरी म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड.

११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस या गावी त्यांचा जन्म झाला. किशोरवयात न्यू ऑर्लिन्स येथे त्यांना पियानोची गोडी लागली. १९२० नंतर ते शिकागोला आले आणि अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. मूकपटांच्या त्या जमान्यात व्हेन्डोम चित्रपटगृहात हा वृंद वाजत असे. लुई आर्मस्ट्राँगही त्यात होते. १९२६ मध्ये या वृंदाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा पियानोवर वेदरफोर्ड होते. शिकागोतील अग्रगण्य पियानोवादकांत त्यांची गणना होऊ लागली होती.

नेमक्या याच टप्प्यावर, १९२६ मध्ये, जॅक कार्टर यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी आशियाची वाट धरली. अमेरिकेत वर्णभेदाने कृष्णवर्णीय कलावंतांची पावलोपावली अडवणूक होत होती. शांघायमध्ये मात्र त्यांना काम आणि मानमरातब दोन्ही लाभले. १९३४ मध्ये ते अमेरिकेला गेले ते बक क्लेटन यांच्या वृंदाला शांघायला आणण्यासाठी. १९३७ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी एकल पियानोवादनाच्या काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेदरफोर्ड मुंबईत वाजवू लागले. मराठी रंगभूमीवर नाट्यपदांना पायपेटीची साथ होत होती, त्याच काळात अपोलो बंदरावरील या हॉटेलात त्यांचा पियानो घुमत होता. त्यांचे श्रोते प्रामुख्याने साहेब, संस्थानिक आणि धनिक. गिरगावातल्या सामान्य माणसाला ते दार उघडे नव्हते. तरीही हा सूर चार भिंतींत कोंडून राहिला नाही. हॉटेलांतील वाद्यवृंदांत तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे चित्रपटसंगीतात आले. आल्डोना येथील चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांना साहाय्य केले. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये उमटलेले जॅझचे रंग हे याच परंपरेचे फळ होय.

महायुद्धाच्या काळात वेदरफोर्ड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत होते. शहरात दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांची वर्दळ होती. तेथे त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. ऐन उमेदीत, २५ एप्रिल १९४५ रोजी, पटकीने त्यांचा बळी घेतला. वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्याच पिढीतील फॅट्स वॉलर यांनी पियानोबरोबरच अधूनमधून पाइप ऑर्गनवरही ध्वनिमुद्रणे केली. अर्ल हाइन्स यांची कीर्ती तर जगभर पसरली. वेदरफोर्ड मात्र ध्वनिमुद्रणाच्या भरभराटीच्या काळात मायदेशापासून दूर होते. त्यामुळे अमेरिकेच्या इतिहासग्रंथांत त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या. सन्मानाच्या शोधात निघालेल्या या कलावंताने प्रसिद्धीचे मोल मोजून तो मिळविला. ज्या भूमीने तो त्यांना दिला, त्याच भूमीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. मुंबईच्या सांगीतिक जडणघडणीचा लेखाजोखा मांडताना त्यांचे स्मरण टाळता येणार नाही.